तालुक्याचा जावई

शनिवारी सकाळी मी उपम्यासाठी रवा भाजत होते आणि बाहेरच्या खोलीतून आमच्या ह्यांची आरोळी आली. मला वाटलं, पाय सरकला. उलथणं हातात तसंच घेऊन धावले, तर नवरा सोफ्यावर उभा! पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, अंगात बनियन, आणि फोन छातीशी धरून ओरडतायत, "मिळाला! अगं, डावखुरा मिळाला आपल्याला!"

"आधी खाली उतरा," मी म्हटलं. "सोफ्याच्या स्प्रिंगा आणि तुमचा गुडघा, दोन्ही वॉरंटीबाहेर आहेत."

डावखुरा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. दुबई-शारजात कोकणातल्या तालुक्यातालुक्यांच्या क्रिकेट टीम्स आहेत. टेनिस बॉलनं खेळतात. थंडी सुरू झाली की अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियामागे वाळूच्या मोकळ्या जागेत, मध्ये सिमेंटची पट्टी टाकून, दर रविवारी सकाळी सामने. आमच्या तालुक्याच्या टीमचे हे मॅनेजर. खेळायचं वय गेलं, पण हौस जाईना, म्हणून मॅनेजर. नोकरीत अकाउंट्स बघतात आणि रविवारी ओव्हर कोणी कधी टाकायची ते बघतात. दुसऱ्या कामात जीव जास्त.

आणि आम्ही प्रेक्षक. आम्ही म्हणजे नुसते बघे नव्हे हो! गाड्यांच्या डिक्या उघडून, घडीच्या खुर्च्या टाकून, पोह्यांची भांडी आणि इथल्या वेलचीवाल्या करक चहाचे थर्मास घेऊन बसलेली अख्खी पलटण. अंपायरनं चुकीचा वाइड दिला तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करणारी. मी लग्नाआधीची गिरगावातली, मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण ओरडण्यात मी कोणाला हार जात नाही.

तर आमची ही टीम दर वर्षी गावाकडच्या खाडीपलीकडच्या तालुक्याकडून मार खायची. न चुकता. कारण आमच्याकडे शेवटची ओव्हर टाकणारा बॉलर नव्हता. आणि मग गेल्या हिवाळ्यात जबल अलीला कंपन्यांच्या सामन्यात ह्यांनी तो डावखुरा पोरगा पाहिला. वेअरहाऊसमधला कोणी, काळासावळा, उंच. बूट झाडल्यासारखा सहज हात फिरवायचा आणि स्टंप उडायचे. त्या दिवशी घरी येताना प्रत्येक सिग्नलला ह्यांनी फोनवर त्याचा व्हिडिओ लावला. मग रोज त्याचे व्हिडिओ. जेवताना व्हिडिओ, दात घासताना व्हिडिओ. लग्नाचा अल्बम ह्या माणसानं कधी एवढ्या वेळा उघडला नाही.

पण उपयोग काय? आमच्या लीगचा नियम कडक. खेळाडू त्या तालुक्यातला हवा, नाहीतर तालुक्याचा जावई हवा. जावयाचं कलम आमच्याच ह्यांनी घुसवलेलं. आमचा विकेटकीपर साताऱ्याकडचा, बायको मात्र आमच्या गावची. त्याला खेळवण्यासाठी हे मीटिंगमध्ये तावातावानं उभे राहिले होते, "जावयाला आपण पाटावर बसवतो, मग मैदानात उतरवायला काय हरकत आहे?" सगळे हसले आणि नियम झाला. डावखुरा भलत्याच तालुक्यातला होता, त्या तालुक्याची इथे टीमच नाही. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं, पण घेणार कसा?

आणि आता तो मिळाला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती दिवाळी. अबुधाबीचे एक काका आहेत, त्यांनी परात बडवल्याचा व्हॉइस मेसेज पाठवला. अल बर्शाच्या एक वहिनी, ज्या मेट्रोच्या पट्ट्याबाहेर कधी पाऊल टाकत नाहीत, त्यांनी लिहिलं, ह्या वेळी मी येणार. कोणी लिहिलं, कप ठेवायला कपाट रिकामं करा. कोणी लिहिलं, खाडीपलीकडचे खलास! एकानं बिचाऱ्यानं लिहिलं, आधी खेळू तर दे, तर सगळे त्याच्यावर असे तुटून पडले की तो ग्रुप सोडूनच गेला. दुपारी त्याला समजूत घालून परत आणावं लागलं.

मी आपलं भोळा चेहरा करून विचारलं, "पण तो आपल्या तालुक्यातला कुठे आहे?"

"जावई होतोय!" हे म्हणाले. "कॅप्टनला त्यानं स्वतः सांगितलं. लग्न ठरतंय, मुलगी आपल्या तालुक्यातली."

"कोणाची?"

"असेल कोणाची तरी! आपल्याला काय करायचंय? मी कमिटीला कळवूनसुद्धा टाकलं. म्हटलं, जावई आहे, माझी जबाबदारी."

मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. रवा करपला होता. मुलगी आमचीच होती.

मला ते दिवाळीपासून ठाऊक होतं. लेक जबल अलीलाच एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते, आणि त्याच कंपनीच्या गोदामात हा पोरगा शिफ्ट सुपरवायझर. एकदा तिचा कुठलासा कंटेनर अडकला, ह्यानं सोडवला, मग चहा, मग जेवण, मग जे व्हायचं ते झालं. मला तिनं मॉलमध्ये नेऊन दोनदा भेटवला होता. मितभाषी, नीटनेटका. कंपनीच्या खोलीत तिघांबरोबर राहणारा. मला नापसंत नव्हता, पण ह्यांच्यापुढे कसा न्यायचा, हा प्रश्न होता. ह्यांच्या डोक्यात जावई म्हणजे सीए. नाहीतर इंजिनिअर, तोही कॅनडाचा. ह्यांच्या फोनमध्ये डावखुऱ्याच्या व्हिडिओंच्या खालोखाल असल्या मुलांचे बायोडेटा भरलेले.

आणि आमची बया काही पळून जाऊन लग्न करणाऱ्यातली नाही. बापावर तिचा भलताच जीव. बापानं मनापासून हो म्हटलं तरच, असं तिनं त्या पोराला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलेलं. मनापासून म्हणजे कसं, ह्यावर आमचं त्या सकाळी गॅसपाशी कुजबुजत भांडण झालं.

"आई, धिस इज अ डिझास्टर," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक.

"कसली डिझास्टर! देव पावलाय म्हण. तुझा बाप त्याला डोक्यावर घेऊन नाचतोय. एक मॅच जिंकू दे, मग सांगू. नाही कशाला म्हणेल?"

"एक्झॅक्टली! ही विल से यस टु द बॉलर. पुढच्या वर्षी त्याचा खांदा गेला तर? मग तो कोण? वेअरहाऊसवाला?" तिचे डोळे भरून आले. "ही हॅज टु लाइक हिम, आई. हिम."

मी म्हटलं, बॉलरला तर बॉलरला, हो ते हो. पण तिनं मान हलवली. हट्टीपणा बापाचा, दुसरं काय! तिचं म्हणणं, तो पोरगा स्वतः येऊन सगळं सांगेल, रीतसर, आणि मॅचच्या आधी. कॅप्टनलाही त्यानं खरं तेच सांगितलं होतं की, लग्न ठरतंय, मुलगी तुमच्याकडची आहे, पण आधी तिच्या वडिलांशी बोलायचंय. कॅप्टननं "मुलगी तुमच्याकडची" एवढं ऐकलं आणि आनंदानं फोन ठेवून दिला.

पण त्याला यायचं निमित्त शोधावंच लागलं नाही. आमच्या ह्यांनीच त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं! शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस. हे परस्पर देऱ्याच्या मासळी बाजारात जाऊन सुरमई घेऊन आले. अशी सुरमई ह्यांनी माझ्या माहेरच्यांसाठी जन्मात आणलेली नाही. मी तळली, कालवण केलं, सोलकढी केली. लेकीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि हे विचारतायत, "अगं, तुला काय झालंय? जरा चांगला ड्रेस घाल, पाहुणा येतोय."

पोरगा आला. हातात खजुराचा डबा. वाकून नमस्कार केला. हे इतके खूश की त्याला ताटावर बसवून मिठाची वाटी, लिंबाची फोड, पाण्याचा पेला असे फिल्डर मांडून दाखवायला लागले. शेवटची ओव्हर अशी टाक, थर्ड मॅन इथे. तो बिचारा लिंबाकडे बघत "हो काका, हो काका" करत होता. लेकीनं सोलकढी वाढताना अर्धी टेबलावर सांडली.

"आणि काय रे," हे घास घेत म्हणाले, "होणारे सासरे कोण आमच्यातले? ओळखीतलेच असणार."

"बाबा, लेट हिम ईट," लेक म्हणाली.

"अगं, सांगू दे की! लाजतोय कसला!"

पोरानं हातातला घास ताटात ठेवला. सरळ बसला. "काका, मी कॅप्टनना म्हटलं होतं, आधी मुलीच्या वडिलांशी बोलतो. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. तेच बोलायला आलोय. जेवणानंतर सांगणार होतो, पण तुम्ही विचारलंत, आता लपवायचं कसं?" आणि मग एकदम हळू म्हणाला, "मुलगी तुमचीच आहे."

ह्यांनी लेकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावरून ह्यांना कळलंच की मलाही ठाऊक होतं. उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. अर्धी सुरमई ताटात तशीच.

मी पोराला म्हटलं, "तू जेव बाळा. माशानं काय घोडं मारलंय?" आणि तो जेवला हो. काकूंनी केलंय म्हणून पान स्वच्छ करून उठला. लेकीला म्हणाला, रविवारी मी खेळायला येऊ की नको, ते काकांना ठरवू दे. मला तोवर तो बरा वाटत होता. त्या दिवशी आवडला.

तो गेल्यावर मी आत गेले. हे पलंगावर बसलेले.

"वेअरहाऊस!" हे म्हणाले. "शिफ्ट ड्यूटी! चौघांत एक खोली!"

माझं टाळकंच सरकलं. "काल रात्रीपर्यंत त्या पोराच्या आरत्या ओवाळत होतात! गावभर जावई, जावई करत मिरवलात. दुसऱ्याच्या घरचा जावई होता तोवर हिरा, आणि आपल्या दारात आला की शिफ्ट ड्यूटी होय?"

"बॉलिंग वेगळी, संसार वेगळा."

"हेच तुमची लेक म्हणतेय," मी म्हटलं. "ती म्हणते, बाबांनी बॉलरला हो म्हणायला नको. त्याला बघून म्हणू दे. नाहीतर नकोच तो होकार."

ह्यांनी मान वर केली. "असं म्हणाली?"

"रडत म्हणाली."

शनिवारभर घरात तिघं तीन कोपऱ्यांत. ग्रुपवर मात्र फटाके चालूच होते आणि सगळे विचारत होते, मॅनेजर गप्प का? मीच ह्यांच्या फोनवरून एक हसरा चेहरा टाकून दिला.

रविवारी मैदानावर ही गर्दी! सामना खाडीपलीकडच्यांशीच, आणि हरेल तो कपाबाहेर. अबुधाबीचे काका खरोखरचा ढोल घेऊन आले होते. अल बर्शाच्या वहिनी गॉगल लावून, मेट्रो आणि टॅक्सी करून हजर. डावखुरा पांढऱ्या टीशर्टात एका बाजूला उभा, कोणी त्याच्याबरोबर सेल्फी काढतंय, कोणी पाठ थोपटतंय, आणि त्याची नजर आमच्या ह्यांच्यावर. हे टॉस होईपर्यंत त्याच्याकडे फिरकले नाहीत.

टॉस झाला आणि पलीकडच्यांचा मॅनेजर, गळ्यात शिट्टी अडकवलेला ढेरपोट्या माणूस, अंपायरला घेऊन आला. "जावई म्हणताय ना? मग कोणाचा जावई, ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा. सासरा उभा करा. नाहीतर हा खेळणार नाही."

आमची सगळी माणसं ह्यांच्याकडे वळली. कॅप्टन म्हणाला, "काका, सांगा ना. तुम्हीच जबाबदारी घेतलीय."

खरं सांगू? मी डिकीपाशी उभी राहून तोंडातल्या तोंडात म्हणत होते, म्हणा, माझा म्हणा, एकदाचं म्हणून टाका! एका शब्दात सगळं सुटत होतं. मॅच, कप, मुलीचं लग्न, सगळं. मला कसलंच सोवळं नव्हतं. पण लेक माझ्या बाजूनं निघाली आणि तरातरा वाळू तुडवत बापापाशी गेली. मीही मागून धावले. ती एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज. नॉट फॉर द मॅच."

ह्यांनी टोपी काढली. घाम पुसला. एकदा ढोलवाल्या काकांकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे. मग अंपायरला म्हणाले, "आज तो खेळणार नाही. मी बसवतोय त्याला."

काय गदारोळ माजला म्हणून सांगू! "काका, डोकं ठिकाणावर आहे का?" "अहो, काय बोलताय काय?" अल बर्शाच्या वहिनींनी गॉगल काढून मला विचारलं, "मी ह्यासाठी आले का इतक्या लांब?" ढोलवाल्या काकांनी ढोल परत डिकीत टाकला आणि डिकी अशी आपटली की शेजारच्या गाडीचा अलार्म वाजायला लागला. पलीकडचे टाळ्या पिटत होते. हे मैदानाच्या कडेची खुर्ची ओढून तिच्यात बसले. लेक परत येऊन गाडीत बसली. तिला वाटलं, बाबांनी नाही म्हटलं. मलाही तेच वाटलं.

मॅच आम्ही हरलो. सडकून हरलो. शेवटच्या ओव्हरला आमच्या बॉलरची त्यांनी अशी काही धुलाई केली की चेंडू रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये गेला. तो आणायला डावखुराच धावला. मॅचभर तोच धावत होता. पाण्याच्या बाटल्या देत होता, लंगडणाऱ्या आमच्या विकेटकीपरच्या पायाला बर्फ लावत होता, आणि ज्यानं ती ओव्हर टाकली त्या रडवेल्या बॉलरच्या शेजारी जाऊन बसला होता. आणि आमचे हे, ज्यांना एक चेंडू चुकला तर जेवण जात नाही, ते पिचकडे बघतच नव्हते. मॅचभर त्याच पोराकडे बघत बसले होते.

सामना संपल्यावर आमच्याकडचं कोणी ह्यांच्याशी बोलेना. पोह्यांना कोणी हात लावला नाही. ह्यांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला आणि पोरगा स्टंप गोळा करत होता तिथे जाऊन, गुडघा धरत धरत, वाळूत फतकल मारून बसले. "बस," म्हणाले. तो बसला. मी पोह्यांची बशी घेऊन जवळ गेले. म्हटलं तर पोहे द्यायला, म्हटलं तर कान टवकारून ऐकायला.

"घरी कोण कोण असतं?" ह्यांनी विचारलं.

"आई, वडील, धाकटा भाऊ. वडील एसटीत होते. आता थोडी आंब्याची कलमं आहेत, ती बघतात."

"शिफ्ट किती वाजता सुटते?"

"बदलते काका. मार्चपासून दिवसाची मिळेल, बोललोय मी. घरही बघतोय, अल कुसैसमध्येच. तिला तुमच्यापासून लांब नको."

"स्वयंपाक येतो?"

"डाळ, भात, मासे. पोळ्या जमत नाहीत."

"हिला मासे साफ करता येत नाहीत."

"माहितेय काका. ती लांब उभी राहून ऑर्डरी देते."

हे हसले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा! मग बराच वेळ दोघं चहा पीत बसले, आणि बॉलिंगबद्दल एक अक्षर निघालं नाही. शेवटी हे म्हणाले, "संध्याकाळी घरी ये. तुझ्या आईवडिलांना फोन लावून दे मला."

लेक माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "बाबा," ती म्हणाली, "इज दॅट अ यस?"

पोराच्या खांद्याचा आधार घेऊन हे उठले, पँटची वाळू झटकली.

"कप गेला. अख्खा तालुका माझ्या नावानं बोटं मोडतोय," हे म्हणाले. "जिंकायचं होतं तेव्हा हो म्हटलं नाही. हरल्यावर हो म्हणतोय. आता तरी तुला कळलं ना, मी कोणाला हो म्हणतोय?"

लेक बापाच्या गळ्यात पडली. आणि तिकडे गाड्यांपाशी आमची माणसं अजून ह्यांना शिव्या घालत होती.